जांभळा काठ

फार पूर्वी वेलापट्टण नगरात सुदर्प राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व रंगाऱ्याच्या घरी जन्मला होता. नाव नंदिल. तिथल्या किनाऱ्यावर, भरती-ओहोटीच्या मधल्या कातळात एका जातीची सुपारीएवढी गोगलगाय राही. वर सरकली तर उन्हाने सुके, खाली घसरली तर खेकड्याच्या तोंडी जाई. इतर रंगारी तिला ठेचून जांभळा रंग काढत. नंदिल तिच्यावर हलकेच फुंकर घाली, तिने टाकलेला थेंब सुतावर घेई आणि तिला तिच्याच भेगेत परत ठेवी.

राजाने आज्ञा केली, "कार्तिकी पौर्णिमेला मला अख्खा जांभळा शेला हवा. नाहीतर या नंदिलचे हात तोडा."

असे एकेक घेतलेले थेंब अख्ख्या शेल्याला पुरणार नव्हते. नंदिलची बायको चंपिला हिचा जीव टांगणीला लागला. पौर्णिमेच्या आदल्या सकाळी ती दगड घेऊनच कातळावर आली. "अहो, या एवढ्याशा जिवांपायी हात घालवून बसणार का? मी ठेचते. पाप माझ्या माथी."

नंदिलने तिच्या हातातला दगड काढून घेतला. "हात माझे आहेत, चंपिले. त्यांनी काय करायचे ते मला ठरवू दे."

दुसऱ्या दिवशी शेल्याचा नुसता काठ जांभळा पाहून राजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "एवढाच?"

"कातळाने दिला तेवढा, महाराज."

"दाखव तुझा कातळ. तिथेच हात तोडतो!"

चंपिला रडत मागोमाग निघाली. कातळावर राजाने स्वतःच एक गोगलगाय ओरबाडली. तिने त्याच्या तळव्यावर पांढरा थेंब टाकला. उन्हात तो हिरवा झाला, मग जांभळा.

"आता तिला होती तिथे ठेवा, महाराज," नंदिल म्हणाला.

राजा वाकला. त्याला सगळ्या भेगा सारख्याच दिसत होत्या. एकीत ठेवली, ती गळून पडली. दुसरीत ठेवली, तिथेही तेच. भरतीचे पाणी त्याच्या गुडघ्यांपर्यंत आले. शेवटी नंदिलने त्याचे मनगट धरून सावलीतल्या भेगेशी नेले. गोगलगाय घट्ट चिकटली.

राजाबरोबर आलेला जल्लाद तलवार घेऊन उभाच होता. राजाने आपला जांभळा तळवा पाहिला.

"याचे हात तोडले, तर उद्या हिला जागेवर कोण ठेवील?" तो हळूच म्हणाला. चंपिला पाण्यातच मटकन बसली.

विहारात ही आपल्या पूर्वजन्मीची कथा सांगून भगवान शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे विहाराच्या वाटेवर कोवळी पाने खुडत येणारा आपला भद्दिल. चंपिला म्हणजे त्याला रोज 'पुरे रे' म्हणणारी उपासिका सोमिका. नंदिल मीच होतो. ज्याचे घेतले त्याला घेतल्यावरही जगू द्यावे, ही करुणा."

तिथेच बसलेल्या भद्दिलाने मूठ उघडली. वाटेत खुडलेले पान कुठे परत ठेवावे, ते त्याला कळेना.