सॅम्पल फ्लॅटमधला पलंग

बदलापूरच्या टोकाला धनाजीशेठ धोत्रे या बिल्डरच्या इमारतीचा अजून पायाच खणला जात होता, पण दाखवायचा सॅम्पल फ्लॅट मात्र नटूनथटून तयार होता. कुमुदताई सोनटक्के मुलगा-सुनेबरोबर तो बघायला आल्या. बेडरूममध्ये पलंग, कपाट, टेबल मांडूनही भरपूर जागा उरत होती. सून हरखली, मुलाने बुकिंगसाठी चेकबुक काढलं. कुमुदताई मात्र पलंगाकडेच बघत राहिल्या.

"चाळीतल्या खोलीची सवय तुम्हाला," सहा फुटी धनाजीशेठ सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाले. "एवढी ऐसपैस जागा बघून बावरायला होतं, मावशी."

"होतं खरं. तुम्हीच जरा त्या पलंगावर पडून दाखवा, म्हणजे माझी भीड चेपेल."

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? शेठ आडवे झाले. डोकं उशीवर टेकलं आणि गुडघ्यापासून खाली पाय हवेत लोंबू लागले. खोली मोठी दिसावी म्हणून पलंगच पोराटोरांच्या मापाचा करून घेतला होता.

"चेकबुक ठेव आत," कुमुदताई मुलाला म्हणाल्या. "घर झकास आहे, शेठ. फक्त राहायला येताना आमचे पाय कुठून कापून आणायचे, तेवढं सांगून ठेवा."