भुरी शेळीची खरूज

मेंढरं बोलायची आणि माणसं गप्प बसायची, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. हिमालयात दोन दिवस वादळ झालं आणि तिसऱ्या दिवशी एक कळप गावाकडे निघाला. वाटेत एकच उतार उरला होता, पण त्यावर ताजा बर्फ नुसता टेकून बसला होता.

कळपातल्या म्हाताऱ्या भुरी शेळीनं खुरानं बर्फ चाचपला. "एकेकानं चला रे. सगळ्यांचं वजन एकदम पडलं तर डोंगर अंगावर येईल."

"आजी, आम्ही मेंढरं!" गबदू मेंढा हसला. "एकीच्या शेपटीला दुसरीचं नाक, हीच आमची रीत. शेळ्या मेल्या भित्र्या!" कळप सरसावला.

भुरीनं कराकरा अंग खाजवलं. "बरं, या चिकटून. मला खरूज झालीय, एवढंच. तुमच्यातही कोणाला तरी लागलीय, कोणाला ते कळत नाही. लोकर मात्र सगळी गळते हं!"

झालं! सख्ख्या बहिणी एकमेकींपासून पळाल्या. भुरी जीव मुठीत धरून आधी गेली. मग एक पार झाली की मगच दुसरी निघे. शेवटी गबदू आला, अंग चोरत. त्याचा मागचा पाय पलीकडच्या खडकावर टेकला, आणि पाठीमागे अख्खा उतार गडगडत दरीत गेला. त्यावर तेव्हा कोणीच नव्हतं.

बर्फाचा धुरळा बसला तसं गबदूनं लांबूनच विचारलं. "आजी, खरूज किती दिवसांत बरी होते गं?"

"ही काय, आत्ताच बरी झाली," म्हणत भुरी त्याला खेटून बसली.