केरबा आप्पांचा रांजण

पिंपळदरा गावात केरबा आप्पा नावाचे एक म्हातारे राहत. त्यांच्या दारात लिंबाखाली मोठा रांजण होता. येणाऱ्याजाणाऱ्याने पाणी प्यावं म्हणून त्यांच्या बायकोने तो मांडला होता. "रांजण कधी रिता दिसू नये," असं ती म्हणायची. ती गेली त्याला अकरा वर्षं झाली, पण आप्पांनी रांजण एकदाही रिता होऊ दिला नाही. गावात नळाला सहा दिवसांनी पाणी यायचं. तरी ते रोज सकाळी जुन्या पाण्यावर गाळलेलं थोडं नवं पाणी ओतत. झाकण ठेवत नसत. तहानलेल्याला विचारावं लागू नये, एवढाच हेतू. असा भला माणूस शोधून सापडायचा नाही.

एका वर्षी गावात डेंगीचा ताप आला. गावकऱ्यांनी बसल्या जागी कारण शोधून काढलं. ओढ्याकाठी, गटाराशेजारी गरिबांची वस्ती होती. ताप तिथूनच आला म्हणे! वस्तीतल्या बायकांना दुकानाच्या पायरीवरही कुणी उभं करेना. गटारात पावडर टाकून मंडळी निर्धास्त झाली. ताप मात्र हटेना.

आप्पांच्या शेजारची नऊ वर्षांची तुळसा तापाने फणफणली. तिला गेल्या वर्षीही डेंगी झाला होता. या खेपेला हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. तिला तालुक्याच्या दवाखान्यात ठेवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "दुसऱ्यांदा झालेला डेंगी जास्त धोक्याचा असू शकतो. दोन दिवस काही सांगता येणार नाही."

त्याच दिवशी नर्सबाई गावात आल्या. गटार सोडून त्या बॅटरी घेऊन थेट रांजणात डोकावल्या. आत बारीक अळ्या वळवळत होत्या.

"असं कसं, बाई? मी पाणी गाळून घालतो," आप्पा म्हणाले.

"डेंगीच्या डासाला साचलेलं स्वच्छ पाणीच लागतं, आप्पा. तो दिवसा चावतो, आणि एकाचा ताप दुसऱ्याला नेतो. दर नळाच्या दिवशी रांजण रिकामा करून घासायला हवा."

जमलेल्यांतलं कुणीतरी म्हणालं, "वैनींची आठवण हाय ती. ऱ्हाऊ द्या की."

आप्पांनी रांजणाच्या काठावरून हात फिरवला. अकरा वर्षांचा नेम मोडताना काय वाटतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. मग म्हणाले, "तिची आठवण पोरीच्या जिवावर नको." त्यांनी रांजण आडवा केला, काथ्याने आतून घासला आणि उन्हात टाकला.

तिथून ते दवाखान्यात गेले. तुळसाच्या आईला म्हणाले, "सुगंधा, ताप वस्तीतनं नाय आला. माझ्या दारातनं आला."

सुगंधाने मान खाली घातली. "आमच्या पिंपातबी अळ्या हुत्या, आप्पा. मागं नर्सबाई आल्या तवा मी दारच लावून घेतलं. लोक आमालाबी वस्तीवाल्यांत धरतील, म्हणून."

तिसऱ्या दिवशी तुळसाच्या हिरड्यांतलं रक्त थांबलं, डॉक्टरांनी धोका टळल्याचं सांगितलं आणि तिने पेज मागितली. सुगंधाने घरी येताच आपलं पिंप भर गल्लीत, सगळ्यांसमोर उपडं केलं. तेव्हा कुठे घरोघरची पिंपं बाहेर आली, घासली गेली, वर फडकी बांधली गेली.

वस्तीत जाऊन माफी मात्र एकट्या आप्पांनीच मागितली.

तात्पर्य: चांगल्या मनानेही घात होऊ शकतो, म्हणून दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवण्याआधी आपल्या घरचं पाणी पाहावं, आणि चूक दिसली तर ती झाकू नये.