बांधाशी थांबलेली रांगती

कोणे एके काळी डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. घरं तीस-चाळीस, पण गाई-म्हशी माणसांपेक्षा जास्त. गावाच्या वरच्या अंगाला भोवती बांध घातलेलं एक पाणथळ कुरण होतं आणि कुरणाच्या खालच्या टोकाला झरा. सगळं गाव त्या एका झऱ्यावर जगायचं.

कुरणात रांगती नावाची एक रानवनस्पती होती. तिला उभं वाढायचं ठाऊकच नव्हतं. तिच्या लांबलचक फांद्या जमिनीवरून सरपटत जायच्या आणि जिथं पेर ओल्या मातीला टेकेल तिथं मूळ धरून नवं रोप उभं करायच्या. पान तीन भागांत चिरलेलं, फूल पिवळं, त्याच्या पाच पाकळ्या तूप चोपडल्यासारख्या चकचकीत. दिसायला मोठी गोड, पण रस असा जहाल की जिभेला लागला तर फोड यावेत. जनावरं तिला हुंगायची आणि शेजारचं गवत खायची.

गावाचे दोन नियम होते. पोळ्यापर्यंत कुरणात जनावर सोडायचं नाही, गवताला गुडघ्याएवढं होऊ द्यायचं. जो हे मोडील त्यानं येता उन्हाळाभर गावच्या गुरांना पाणी पाजायचं. आणि दुसरा नियम असा, की ज्याच्या जनावराला इजा होईल त्या बाबतीत शेवटचा शब्द त्याचाच.

गावात सगुणाबाई नावाची एक बाई एकटीच राहत होती. तिची एक गाय होती, पवळी. त्या पावसाळ्यात पवळी व्यायली आणि नेमका घरातला कडबा संपला. पोळ्याला अजून वीस दिवस होते. गाय रात्रंदिवस हंबरायची, वासरू आचळाला ढुशा द्यायचं. शेजारी मागावं तर सगुणाबाई पडली मानी. शेवटी एका दुपारी, आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिनं पवळीला कुरणात सोडलं. तिच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, ते ज्याचं त्यालाच माहीत.

त्या वर्षी पाऊस उशिरा आल्यानं कुरणात गवत अजून बोटभरच होतं. हिरवीगार होती ती फक्त रांगती. भुकेल्या गाईनं हुंगण्याबिंगण्याच्या भानगडीत न पडता ती पोटभर खाल्ली.

संध्याकाळी पवळीच्या तोंडाला फोड आले. लाळ गळू लागली, दूध आटलं. वासरू लुचून लुचून थकलं आणि कोपऱ्यात जाऊन बसलं.

बातमी कळताच लोक जमले. पाटील म्हणाले, “काय गं सगुणे, काय खाल्लं हिनं?”

सगुणाबाईला खरं सांगायचं होतं, अगदी ओठांवर आलं होतं. पण एवढ्या लोकांसमोर मान खाली घालायची तिला लाज वाटली. ती म्हणाली, “पाटीलबाबा, मी हिला बांधाच्या बाहेरच बांधली होती. ती रांगतीच मेली रांगत रांगत बाहेर आली!”

खोटं इतकं चपखल होतं की कुणाला शंका आली नाही. रांगती रांगते, हे तर शेंबडं पोरही जाणत होतं. लोक संतापले. दुसऱ्या दिवशी घरटी एक माणूस कुदळ घेऊन कुरणात उतरला. त्यांनी रांगती खणली, तोडली, तुकडे केले. खणणाऱ्यांच्या हातांना फोड आले. आणि पंधरा दिवसांत एकेका तुकड्याला मूळ फुटून रांगती दुप्पट झाली.

मधल्या दिवसांत शेजारणी पवळीसाठी कडब्याच्या पेंढ्या आणून टाकत होत्या. एक म्हणाली, “अगं, आधी बोलायचं नाही का? भुकेल्या गाईला कोण नाही म्हणणार होतं?” सगुणाबाईला त्या रात्री जेवण गेलं नाही.

मग पाटलांनी नवी तोड काढली. “कुरणात चर खणू, सगळं पाणी ओढ्यात काढून देऊ. ओल गेली की रांगती आपोआप मरेल.”

झऱ्याची राखण करणारा एक म्हातारा होता. सगळे त्याला झरेआजा म्हणत. तो म्हणाला, “लेकरांनो, तिचे पाय कायम ओलीत. ती आहे तिथं खाली पाणी आहे. तिला तहानेनं मारायला निघालात, तर झरा काय पिईल?”

“आजा, तुम्हाला झुडपाची दया आणि गाईची नाही?” लोक म्हणाले. “शेवटचा शब्द सगुणाबाईचा. पहिला घावही तिनंच घालावा.”

सगुणाबाईच्या हातात कुदळ दिली गेली. चर बांधापासून सुरू होणार होता. तिनं खाली पाहिलं. बांध कोरड्या मुरुमाचा होता. रांगतीची एक फांदी तिथवर आली होती, पण शेवटच्या पेराला मूळ फुटलेलं नव्हतं, पान करपलं होतं. बांधापलीकडे एकही रोप नव्हतं. डोळे उघडून बघितलं असतं तर कुणालाही तिचं खोटं दिसलं असतं. तिनं मान वर केली. झरेआजा तिच्याकडेच बघत होता.

तिनं कुदळ खाली ठेवली. “ही बांध ओलांडत नाही,” ती म्हणाली. “बांध मी ओलांडला. गाय मीच आत सोडली होती. खोटं बोलले.”

“म्हणजे आमच्या हातांना फोड आले ते फुकटच?” एक जण ओरडला. कुणी तोंड फिरवलं, कुणी नको ते बोललं. सगुणाबाई रडत होती, पण जागची हलली नाही. पाटलांनी हात वर करून लोकांना थांबवलं. मग म्हणाले, “शिक्षा ठरलेली आहे, ती होईल. चर नको, हाही तुझाच शब्द समजायचा का?”

“होय बाबा,” ती म्हणाली.

उन्हाळा आला, आणि असा आला की झऱ्याची धार करंगळीएवढी झाली. गुरं मोकळ्या दोणीत तोंड घालून हंबरू लागली. तेव्हा झरेआजा कुरणात गेला. सगळं कुरण पिवळं पडलं होतं, एका खोलगटात मात्र रांगती हिरवी होती, फुललेलीही होती. त्यानं तिथं कंबरभर खड्डा खणवला. खाली गार, स्वच्छ पाणी लागलं.

ते पाणी उपसून गावच्या गुरांना पाजायचं काम सगुणाबाईचं होतं. रोज सकाळ-संध्याकाळ ती घागरी भरायची, आणि सगळ्यांची गुरं पिऊन झाली की शेवटी पवळीला न्यायची. त्या पहिल्या दिवशी पवळी पोट भरेपर्यंत प्यायली. मग तिनं शेजारचं पिवळं फूल हुंगलं, मान वळवली आणि ओलीत उगवलेलं गवत खायला लागली. सगुणाबाईनं खाली वाकून त्या फुलावर ओंजळभर पाणी शिंपडलं.

तात्पर्य: आपल्या चुकीचं खापर ज्याला बोलता येत नाही त्याच्या माथी फोडू नये, अडचणीत उद्या तोच आपल्या उपयोगी पडायचा असतो.