जळेश्वराची अर्धी प्रदक्षिणा

एका राज्यात, जिथे पाखरे माणसांसारखी बोलत आणि माणसे क्वचितच त्यांचे ऐकत, जळेश्वराचे पुरातन देऊळ होते. महादेवाच्या माथ्यावरचे पाणी गाभाऱ्यातून दगडी पन्हळीने बाहेर येई. प्रदक्षिणा घालणारा पन्हळीपाशी थांबे, मागे फिरे आणि देवळाला उलटा वळसा घालून पन्हळीच्या दुसऱ्या काठाशी येई. पन्हळ कोणी ओलांडत नसे. पोरासोरांनाही हे ठाऊक होते, पण राजा रणधवलाला कोण सांगणार?

राज्यामागून राज्ये जिंकून तो दर्शनाला आला. मागून त्याच्या शेल्याचे टोक धरून त्याची आईविना वाढलेली लेक, शेवंती, दुडुदुडु चालत होती. पन्हळीपाशी म्हातारा गुरव आडवा झाला.

"महाराज, इथवर माणसाची वाट, पुढची देवाची. इथून मागे फिरणे हीच इथली पूजा."

"रणधवल मागे फिरत नाही," राजा म्हणाला आणि त्याने पन्हळ ओलांडली.

बापाचे पाहून शेवंतीनेही पाऊल उचलले. लेकरू दुसऱ्या कोणाचे बघणार? ते पाऊल उचललेलेच राहिले. पोरीचा दगड झाला. शेला टर्रकन फाटला, त्याचे टोक तिच्या मुठीत राहिले आणि पन्हळ कोरडी पडली. केले बापाने, भोगले लेकीने. आग लागो असल्या गर्वाला!

राजाने दगडावर कपाळ बडवले. तेव्हा शिखरावर बसलेला पिंगळा बोलला, "तीनदा मागे फीर. हवे ते हाताशी असताना फीर. मग लेक उठेल."

राजा निघाला. वाटेत बापजाद्यांच्या वैऱ्याचा गड लागला. दरवाजा फुटला, सैन्य आत घुसणार, तोच राजाने घोडा वळवला. सरदार तोंडावर हसले. ते हसणे त्याने गिळले.

मग वर्षानुवर्षे डोंगर धुंडाळून तो एका मांत्रिकाच्या गुहेत पोहोचला. तोवर त्याची दाढी पांढरी झाली होती, गुडघे वाकले होते. मांत्रिकाने गेलेले तारुण्य परत देणारे पाणी ओंजळीत ओतले. ओंजळ ओठांपर्यंत आली. लेक उठेल तेव्हा तिला उचलून घ्यायला हातात बळ नको का? तरी राजाने ओंजळ जमिनीवर सोडली आणि म्हातारा तो म्हाताराच देवळाशी परतला.

पिंगळा म्हणाला, "त्या दिवशी होतास तिथेच उभा राहा."

राजा पन्हळीच्या पलीकडच्या काठावर उभा राहिला. दगडाला हळूहळू रंग चढला. शेवंतीने पाऊल खाली टेकले, इकडेतिकडे पाहिले आणि रडत हाक मारली, "बाबा!"

वीतभर पन्हळ. हात पुढे केला असता तरी ती कुशीत आली असती. राजाच्या काळजाचे पाणी पाणी झाले. पण त्याने पाठ फिरवली. मागून लेकीचा हंबरडा येत होता आणि म्हातारे गुडघे भराभर चालत नव्हते. देवळाला सगळा वळसा घालून तो तिच्या काठाशी आला, तेव्हा पन्हळीला पाणी आले होते.

शेवंती अंग चोरून मागे सरली. म्हणाली, "आजोबा, माझे बाबा पुढे गेले. त्यांना बोलवा ना."

"बाळ, मीच तुझा बाबा. मागे फिरून आलो."

"नाही. माझे बाबा मागे फिरत नाहीत."

खांद्यावरचा फाटका शेला राजाने तिच्या मुठीतल्या टोकाला लावला. धागा धाग्याला भिडला. पोर शेल्याकडे बघत राहिली, मग त्या पांढऱ्या दाढीकडे.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "मला सोडून म्हातारे कसे झालात?"

राजाने तिला उचलायला वाकून पाहिले, जमले नाही. मग तिचे बोट धरून तो निघाला. राजाविना ओस पडलेले राज्य पुन्हा नांदू लागले, देवळात घंटा वाजू लागली. बापलेकीला एकमेकांचे दिवस मात्र थोडेच लाभले. शेवंती पुढे राणी झाली. रोज ती पन्हळीपर्यंत जाई, तो जुना शेला छातीशी धरून क्षणभर थांबे आणि मागे फिरे. त्या राजाला उशिरा सुचले. ऐकणाऱ्यांनो, तुम्हांआम्हांला वेळेवर सुचो.