त्र्याहत्तरावी रांग

कृतयुगाच्या अखेरच्या चरणात, मार्गशीर्ष शुद्ध नवमीला, वेत्रवनात पहाटेपासून दाट धुके होते आणि वारा अजिबात नव्हता. त्या वनातल्या महर्षी शंखपादांच्या आश्रमात दहा हजार एक माणसे राहत. माध्यान्ही विभंजन नावाचा असुर तेथे येणार होता.

ब्रह्मदेवाने त्याला वर दिला होता: ज्या जमावाच्या समान रांगा लागतील, कुणीही उरणार नाही, तो जमाव त्याने गिळावा, मात्र एखाद्या जमावाच्या कोणत्याच संख्येने समान रांगा लागल्या नाहीत, तर त्याची शिळा व्हावी. एकट्याची रांग आणि एकच रांग धरायची नव्हती. शेजारचे सहा आश्रम असेच रिकामे झाले होते.

शंखपादांनी माणशी एक हिरडा मोजून एकाहत्तर रांगांपर्यंत पडताळा पाहिला होता. दर वेळी काही हिरडे उरले. मन्वंतरात चतुर्युगे एकाहत्तरच, म्हणून त्या कुळात गणतीही तिथेच थांबे. हीच गणती कायम, असा संकल्प सोडून त्यांनी कुंपणाचे दार लावून घेतले.

त्यांची कन्या वरेण्या मात्र अंगणात बसून पुढे मांडत राहिली. त्र्याहत्तराव्या रांगेत शेवटचा हिरडा ठेवला, तेव्हा तिचा हात रिकामा होता.

"तात, एकशे सदतीसच्या त्र्याहत्तर रांगा झाल्या. एकही उरला नाही."

महर्षींनी रांगा स्वतः मोजल्या. आकडा तोच आला.

कुंपणाबाहेर सहा कोळी आसरा मागत उभे होते. मासळीच्या वासामुळे त्यांना आत घेतले नव्हते. वरेण्येने सहा हिरडे वाढवले आणि पुन्हा दोनापासून आरंभ केला. सत्त्याण्णव रांगांना सोळा उरले, शंभरांना सात.

"बस. यापुढे रांगा शंभराहून जास्त, म्हणजे रांगेत माणसे शंभराहून कमी. ते सगळे आकडे पाहून झाले. कोळ्यांना आत घ्या."

"संकल्पानंतर कुंपण उघडत नाहीत," असे पुटपुटत महर्षींनी स्वतःच आगळ काढली.

आत येताच म्हातारी कोळीण म्हणाली, "बाई, आमच्या शफरीला कळा लागल्यात. आता जीव सातही होतील."

वरेण्येने मनात मोजले. दहा हजार आठ झाले, तर दोनच रांगा पुरणार होत्या. तिने शफरीचा हात धरला. "असुर जाईपर्यंत थांबशील?"

"ते काय माझ्या हातात आहे, ताई?" शफरी दात आवळून म्हणाली.

धुक्यातून विभंजन आला. "बसा, तपोनिधींनो. जेवणाआधी पंगत नीट लागलेली बरी."

त्याने दोन रांगा लावल्या, एक उरला. तीन लावल्या, दोन उरले. तो हसत होता. त्र्याहत्तरांना सहा उरले, तेव्हा हसू गेले. सगळे मुकाट उठत होते, मुकाट बसत होते. शफरीने वरेण्येच्या मनगटात नखे रुतवली होती, पण तोंडातून आवाज काढला नाही. शंभर रांगांत शंभर-शंभर बसले आणि सात उरले.

"आणखी लाव," वरेण्या म्हणाली. "नवे काही निघणार नाही."

असुराने त्या सातांकडे पाहिले. त्याची पावले आधी दगड झाली, मग गुडघे, मग छाती.

धुके तिसऱ्या प्रहरी विरले. सूर्यास्तापूर्वी शफरीला मुलगी झाली. त्या दिवशीची गणती दहा हजार आठ भरली.