अस्वलाने धुतलेलं बेअरिंग

प्राणी जेव्हा गाड्या चालवत होते, त्या काळी केसोबा अस्वलाने आपल्या गाडीची क्लचप्लेट घरीच बदलली. ‘‘आता गॅरेज हवंय कुणाला?’’ असं त्याने साऱ्या रानाला ऐकवलं.

थोड्याच दिवसांत शेजारची साळूबाई साळिंदर तापाने फणफणलेलं पिल्लू घेऊन आली. ‘‘भावोजी, वैद्याकडे सोडा ना.’’

घाटात क्लच दाबताच गाडीखालून कर्कश आवाज आला. पुढे गिअरच पडेना. केसोबाने आधी रस्त्याला, मग गाडीला शिव्या घातल्या. शेवटी पिल्लाला पाठीवर घेऊन तो धापा टाकत घाट चढला. वैद्याच्या औषधाने ताप उतरला.

माकडांनी गाडी ढकलत घरी आणली. केसोबाने गिअरबॉक्स पुन्हा उतरवला. क्लच दाबणारं बेअरिंग जळून काळं पडलं होतं.

‘‘जुनंच बसवलं होतं का?’’ साळूबाईने विचारलं.

‘‘नवंकोरं होतं. पण चकचकीत दिसावं म्हणून मी ते रॉकेलमध्ये खसखसून धुतलं. आतलं सगळं ग्रीस निघून गेलं.’’

‘‘अहो, नवं बेअरिंग धुतं का कुणी?’’

केसोबा ओशाळून हसला. ‘‘जन्मात मी स्वतः कधी धड आंघोळ केली नाही, साळूबाई. आणि घातली ती नेमकी त्याला!’’